बोलता न येणाऱ्या लेकराची प्रार्थना

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवते. वर्गात डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे, ऑटिझम असलेले दोघे भाऊ आहेत आणि सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर येणारा एक मुलगा. नवे आईबाप भेटले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: याला देव कसा समजणार? मी म्हणते, समजण्यापासून सुरुवातच करू नका, सवयीपासून करा. आई म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधी बाळ आईवर भरवसा टाकतं.

सवय म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तेच शब्द. रात्री अंथरुणावर एकच वाक्य पुरतं: ‘येशू, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार, आमेन.’ महिनोन्‌महिने हेच म्हणा. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला त्यातच आधार मिळतो. मूल बोलत नसेल तर फोटोंची छोटी वही करा. आजी, शाळेची बस, डॉक्टर, शेजारची मांजर. ज्या फोटोवर ते बोट ठेवेल, त्याचं नाव घेऊन तुम्ही मोठ्याने प्रार्थना करा. दोघा भावांतला धाकटा उन्हाळाभर कूलरच्या फोटोवर बोट ठेवतो. नागपुरात पारा 45 अंशांवर गेलेला असताना कूलरबद्दल देवाचे आभार मानणं ही पूर्ण प्रार्थना आहे, तिच्यात काहीही कमी नाही.

शिकवताना भाषा जपून वापरा. ‘येशू तुझ्या हृदयात राहतो’ हे ऑटिझम असलेलं मूल शब्दशः घेऊ शकतं आणि घाबरूही शकतं. त्याऐवजी ‘येशूला तू आवडतोस’ एवढंच सांगा. गोष्ट हातांनी सांगा. बायबलमधल्या लूक 15 मधलं हरवलेलं मेंढरू कापसाचं करून ओढणीखाली लपवा, शोधू द्या, सापडलं की सगळ्यांनी मिळून आनंद करा. प्रश्न विचारलात तर मनात दहापर्यंत मोजत थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपण मध्येच बोललो की ते परत जातं.

उपासना हा खरा कठीण भाग. स्पीकर, गर्दी, मध्येच सगळ्यांनी उभं राहणं. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये मुलाला फिरवून आणा, बाकांवर बसू द्या, वेदी दाखवा. उभं राहणं, गाणं, वाचन, संदेश, दान, आशीर्वाद अशी चित्रांची पट्टी करा. एकेक भाग संपला की चित्र उलटं करायचं. शेवट कधी येणार हे दिसलं की पुष्कळ मुलं शांत होतात. दाराजवळचा कडेचा बाक धरा, कान झाकणारे हेडफोन सोबत ठेवा. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी झावळी आदल्या दिवशीच हातात द्या, म्हणजे मिरवणुकीत ती नवी वाटत नाही. आणि मुलाला काम द्या. आमची डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी दारात गीतांची पुस्तकं वाटते. ती नसेल त्या दिवशी लोक तिची चौकशी करतात.

प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेणं) आणि दृढीकरण (मुलाने आपला विश्वास मंडळीसमोर पक्का करण्याचा विधी) यांबद्दल पाळकसाहेबांशी आधीच बोला. वेगवेगळ्या रीतींच्या सहा मंडळ्या, म्हणजे चर्चसंघटना, 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. एवढं जिथे जमलं, तिथे एका लेकरासाठी रीत थोडी सैल करणं जड जाऊ नये. भाकरीची चव आणि तिचा स्पर्श घरी आधी ओळखीचा करून द्या.

एका गोष्टीबाबत मी ठाम आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, त्याच्यादेखत, ‘प्रभू, याला नीट कर’ अशी प्रार्थना कोणालाही करू देऊ नका. बोलता येत नसलं तरी त्याला ऐकू येतं. आईबापांच्या पापामुळे असं झालं म्हणणाऱ्यांना योहान 9 उघडून दाखवा; जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दल येशूने तेच नाकारलं होतं.

मंडळीतल्या इतरांना माझी विनंती आहे. मार्क 2 मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं होतं. तसे चौघं ठरवा आणि रविवार वाटून घ्या, म्हणजे मुलाशेजारी कोणीतरी ओळखीचं बसेल आणि त्याच्या आईला संदेश शेवटपर्यंत ऐकता येईल. कोण बसणार ते तिला शनिवारीच फोन करून सांगा.