रेसिंग कारचं मॉडेल: पावसात जोडा, दिवाळीनंतर रंगवा

चवथीआधी आमच्याकडच्या कुठल्याही चित्रशाळेत डोकावून पाहा. मूर्तीची माती ओली असेपर्यंत कुणी रंगाला हात लावत नाही. रेसिंग कारच्या मॉडेललाही गोव्यात हाच नियम लावावा. जून ते सप्टेंबर कापायचं, घासायचं, जोडायचं. स्प्रेचा डबा हलवायचा तो पाऊस परतल्यावर.

पहिलं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या प्लास्टिक भागांचा संच, १/२४ मापाचं घ्या. साडेचार मीटरची खरी गाडी या मापात १९ सेंटीमीटरच्या आत बसते, घरच्या टेबलावर मावते. फॉर्म्युला वनची किटं बहुधा १/२० मापाची असतात आणि त्यांत बारीक भाग जास्त. माझ्यासमोर सध्या तामिया या जपानी मॉडेल कंपनीची मॅक्लारेन एमपी४/४ आहे. १९८८ साली आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्ट या ड्रायव्हरांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या त्या याच गाडीने.

किटचे भाग प्लास्टिकच्या फ्रेमला बारीक दांड्यांनी जोडलेले येतात. फ्रेमवरचा भाग एका दमात कापू नका. आधी दोनेक मिलिमीटर दांडी ठेवून कापा, मग उरलेली छाटा आणि ६००, मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, लावायची पद्धत उलटी असते: भाग आधी जुळवून धरायचे, मग सांध्याला ब्रश टेकवायचा, सिमेंट आपणहून आत ओढलं जातं. रंगाआधी बॉडी चासीवर एकदा बसवून पाहा. रंगानंतर ती बसत नाही असं कळलं तर फार त्रास होतो.

आता रंग. बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन दोन दिवस वाळवा, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. इथे घाई करून मी एकदा मोटारींना मारायचा स्वस्तातला स्प्रे वापरला आणि बॉडीवर सुरकुत्या पडल्या. तसला थिनर प्लास्टिक खातो. म्हणून कुठलाही नवा डबा आधी रिकाम्या फ्रेमवर मारून बघायचा.

लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगाचा थिनर झपाट्याने उडतो, तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. चकचकीत लाल रंगावर पांढुरकी साय धरते. पावसातच मारायची हौस असेल तर एसी लावून खोली तासभर आधी कोरडी करा. डबा कोमट पाण्यात धरा, गरम पाण्यात कधीच नाही. साय आलीच तर घाबरू नका: रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घातलेल्या थिनरचा एक अगदी हलका हात एअरब्रशने मारला की बरेचदा ती विरते. प्रत्यक्ष मारताना मात्र खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ गाळणारा मास्क हवा. साधा कापडी मास्क इथे कुचकामी.

एमपी४/४चा लाल म्हणजे केशरीकडे झुकणारा फ्लोरोसंट. तो करड्या प्रायमरवर मेल्यासारखा दिसतो. खाली स्वच्छ पांढरा थर द्या, त्यावर चार-पाच पातळ हात. जाड एक हात मारलात तर कडेला ओघळ ठरलेलाच.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढा आणि कागदावरून आपोआप सुटेपर्यंत थांबा. वक्र भागावर सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) लावल्यावर डिकल आधी चुरगळतं; हात लावू नका, वाळताना ते सपाट होतं. खऱ्या गाडीवर असलेल्या सिगारेटच्या जाहिरातींची डिकल किटमध्ये सहसा नसतात, ती वेगळी मागवावी लागतात.

डिकलवर क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारताना पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, कारण ओला लॅकर डिकल विरघळवतो. आठवडाभर थांबा. नंतर २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून फिरवा आणि पॉलिशच्या कंपाउंडने चमक आणा. कडांवर मात्र जपून, तिथला रंग आधी उडतो.

टायर शेवटी. नव्या रबराची चमक खोटी दिसते, म्हणून जमिनीला टेकणारा पट्टा ४००च्या पेपरने घासा. पॅनेलच्या रेघा, म्हणजे बॉडीच्या तुकड्यांमधल्या खाचा, काळ्या न भरता गडद तपकिरी भरा. लाल गाडीवर काळी रेघ चित्रात काढल्यासारखी दिसते.