टेक्नो की हाउस, जंगल की डबस्टेप? इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे प्रकार कानाने कसे ओळखावेत

हाउस, डीप हाउस, टेक हाउस, टेक्नो, ट्रान्स, सायट्रान्स, जंगल, ड्रम अँड बेस, डबस्टेप, हार्डस्टाइल, अमापियानो. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक ऐकायला सुरुवात करणारा माणूस पहिल्याच दिवशी या नावांच्या गर्दीत हरवतो. मग कुठली तरी यादी मिळते, तो ती वाचतो, थोडीफार पाठही करतो. पण गाणं सुरू झालं की त्या पाठांतराचा काहीच उपयोग होत नाही. उपयोग होतो तो ठेका मोजता येण्याचा. या संगीतातल्या बहुतेक शाखा तालाच्या ठेवणीवरूनच फुटल्या आहेत, त्यामुळे सुरांकडे, आवाजांकडे नंतर वळायचं. आधी ढोल कुठे पडतोय ते ऐकायचं.

तयारी फारशी लागत नाही. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचा बेस जवळजवळ येतच नाही, आणि डबस्टेप किंवा ड्रम अँड बेसमधला निम्मा जीव तर तिथेच असतो. साधा बरा हेडफोन पुरे.

पायरी पहिली: किक कुठे पडते ते ऐका

किक म्हणजे ड्रमचा सर्वांत खालचा, पोटात जाणवणारा ‘धप्’. चार मात्रांचं आवर्तन धरा आणि बोटाने टेबलावर मोजा: एक, दोन, तीन, चार. चारही मात्रांवर न चुकता किक पडत असेल, तर तुम्ही हाउस, टेक्नो, ट्रान्स किंवा हार्डस्टाइलच्या बाजूला आहात. किक मध्येच गायब होत असेल, अडखळत, उड्या मारत पडत असेल, तर तुम्ही ब्रेकबीटच्या बाजूला, म्हणजे जंगल, ड्रम अँड बेस, यूके गॅराज, डबस्टेप, इलेक्ट्रो यांच्या घरात. ही एक गोष्ट जमली की अर्धं काम झालं.

आता चारही मात्रांवर किक असलेल्या गाण्यात आणखी दोन आवाज शोधा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीसारखा क्लॅप, आणि दोन किकच्या बरोबर मध्ये उघड्या हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमच्या झांजेच्या जोडीचा, ‘त्स’. धप्-त्स-धप्-त्स. हा हाउसचा मूळ सांगाडा आहे आणि तो डिस्कोकडून आला आहे.

पायरी दुसरी: वेग मोजा

पंधरा सेकंदांत किती मात्रा पडतात ते मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाला पडणाऱ्या मात्रांचा हा आकडा, यालाच बीपीएम म्हणतात. पंधरा सेकंदांत ३० मात्रा म्हणजे १२० बीपीएम, ३२ म्हणजे १२८, ३५ म्हणजे १४०.

हाउस साधारण १२० ते १३०च्या आत असतं. टेक्नो १२५च्या आसपास सुरू होऊन १४०च्याही वर जातं. ट्रान्स १३० ते १४०, सायट्रान्स त्याहून थोडं वर. हार्डस्टाइल १५०च्या आसपास, आणि रॉटरडॅममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वाढलेलं गॅबर १६०च्या पुढे धावतं. ड्रम अँड बेस बहुतेक वेळा १७४च्या आगेमागे. खालच्या टोकाला दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो, ११०च्या थोडं वर.

इथे एक फसगत ठरलेली आहे. डबस्टेप १४०चं असतं, पण ऐकताना ते संथ, ७०चं वाटतं. कारण स्नेअरचा, म्हणजे ड्रमच्या कडक, तडतडत्या आवाजाचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर न पडता फक्त तिसऱ्यावर पडतो, म्हणजे लय निमपट झाल्यासारखी भासते. ड्रम अँड बेसमध्येही असंच होतं: वर हाय-हॅट धावत असतात आणि खाली बेस निम्म्या वेगाने डुलत असतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आकडा आणि स्नेअरची जागा, दोन्ही एकत्र पाहा. १४० आणि चारही मात्रांवर किक असेल तर ट्रान्सचा किंवा वेगवान टेक्नोचा विचार करा. १४० आणि तिसऱ्या मात्रेवर एकच जड स्नेअर असेल तर डबस्टेप.

पायरी तिसरी: हाउस आणि टेक्नो वेगळे काढा

नवख्या कानाला सर्वांत जास्त छळणारी जोडी हीच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तोही इथेच.

हाउस शिकागोचं. फ्रँकी नकल्स हा डीजे १९७७मध्ये न्यूयॉर्कहून तिथल्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये आला. ‘हाउस’ हे नाव त्या क्लबच्या नावावरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. १२ जुलै १९७९ला त्याच शहराच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. पण ज्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांची ती नाचण्याची जागा होती, त्यांनी नाचणं सोडलं नाही. डिस्कोच्या जुन्या रेकॉर्डांखाली ड्रम मशीनचा ठेका घालून त्यांनी तो नाच चालू ठेवला. हाउसमध्ये आजही गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाचा गळा, पियानोचे ठोके, गुणगुणता येईल अशी बेसची ओळ ऐकू येते ती यामुळे.

टेक्नो डेट्रॉइटचं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डर्सन हे तिघे जवळच्या बेलव्हिल गावात एकत्र शिकलेले. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाचं यंत्रसंगीत आणि अमेरिकी फंक, दोन्ही त्यांच्या कानात होतं. १९८८मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकात ‘टेक्नो’ हा शब्द आला आणि डेट्रॉइटच्या या संगीताला जगभर तेच नाव चिकटलं. पुढे भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये ते असं रुजलं की २०२४मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

कानाने ओळखायची कसोटी ही: दोन मिनिटं ऐका आणि थांबवा. काही गुणगुणता येतंय का? येत असेल तर हाउस असण्याची शक्यता जास्त. टेक्नोमध्ये बदल सुरांत कमी आणि आवाजाच्या पोतात जास्त होतो. एकच छोटा तुकडा फिरत राहतो, हळूहळू उघडतो, खरखरीत होतो, पुन्हा मिटतो. त्याकडे गाणं म्हणून पाहिलं तर कंटाळा येतो. एखादी वस्तू प्रकाशात फिरवून पाहावी तसं ऐकलं की त्यातली गोडी कळते. दोन्हींच्या मधोमध उभं असेल तर ते टेक हाउस, तिथे फार डोकं लढवू नका.

पायरी चौथी: बेसकडे वळा

किक आणि वेग कळल्यावर पोटशाखा बहुधा बेसच सांगतो.

चिवचिवणारा, पिळवटणारा, ओलसर वाटणारा बेस ऐकू आला तर ते ॲसिड. हा आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा. ते १९८१च्या सुमारास बाजारात आलं ते एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामी ते फसलं, उत्पादन बंद पडलं आणि जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने त्याची बटणं वाजत असतानाच फिरवली आणि १९८७मध्ये ॲसिड हाउसची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड निघाली. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने टीबी-३०३ आणि रोलंडचंच ड्रम मशीन टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कोणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि ऐकणारे थक्क झाले. ॲसिड म्हणजे काय हे समजून घ्यायला मी तरी आधी हीच रेकॉर्ड सुचवेन, कारण रागाचं चलन ओळखीचं असलं की त्या यंत्राचं पिळणं वेगळं ऐकू येतं.

दोन किकच्या मधली जागा बेसच्या तीन जलद ठोक्यांनी भरलेली असेल, धप्-ड-ड-ड, धप्-ड-ड-ड, तर ते सायट्रान्स. त्याची मुळं गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत आहेत. १९९०च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हेच त्याचं नाव होतं. घोड्याच्या टापांसारखा हा बेस एकदा ओळखला की पुन्हा चूक होत नाही.

खोल, नुसता छातीत जाणवणारा बेस आणि भोवती भरपूर मोकळी जागा, हे दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचं मूळ डबस्टेप. करवतीसारखा ओरडणारा, दर काही सेकंदांना रूप बदलणारा बेस असेल तर ते पुढे अमेरिकेत फोफावलेलं रूप. दोघांना डबस्टेपच म्हणतात, पण एकाची सवय असलेल्याला दुसरं बहुधा रुचत नाही. लाकडावर मारल्यासारखा, सुरात बोलणारा बेस म्हणजे अमापियानोचा लॉग ड्रम.

पायरी पाचवी: गाण्याचा आराखडा पाहा

ही पायरी लवकर उरकते. मधोमध ठेका पूर्ण थांबून एक-दोन मिनिटं नुसते सूर चढत गेले, आणि मग किक परतल्यावर सगळं एकदम उजळलं, तर ते ट्रान्स. चढ छोटा, स्नेअरची घाई वाढत जाणारी, आणि त्यानंतर सूर जवळजवळ संपून फक्त अवाढव्य किक उरली, तर ते २०१०च्या दशकातलं मोठ्या महोत्सवांचं बिग रूम. सहा-सात मिनिटांत चढ-उतार जाणवलाच नाही तर मिनिमल किंवा डब टेक्नो.

पायरी सहावी: फसव्या नावांपासून जपा

एकच नाव दोन काळांत दोन वेगळ्या गोष्टींना लागतं, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा घोटाळा. म्हणून नावासोबत साल जरूर पाहा.

‘गॅराज’ म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गॅराज’ क्लबमध्ये लॅरी लेव्हन हा डीजे वाजवत असे ते गाणारं, भावपूर्ण संगीत. आणि ‘यूके गॅराज’ म्हणजे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये तयार झालेला, किक मध्ये गाळून लचकत चालणारा ठेका. ‘इलेक्ट्रो’ म्हणजे १९८२च्या सुमारास टीआर-८०८वर बांधलेलं, तुटक ठेक्याचं नृत्यसंगीत. ‘इलेक्ट्रो हाउस’ त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी आलं आणि त्याची किक चारही मात्रांवर पडते. ‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ १९९०च्या दशकात लांबलचक, हळूहळू उलगडणारं होतं, २०१०च्या दशकात तेच नाव महोत्सवांतल्या चकचकीत गाण्यांना लागलं. ‘डीप हाउस’ मूळचं लॅरी हर्डच्या १९८०च्या दशकातल्या कामातलं, जॅझच्या स्वरसंगतींचं मऊ हाउस. ॲपवरच्या याद्यांत मात्र त्या नावाखाली काहीही सापडतं. खुद्द ‘ईडीएम’ (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) हा शब्द काही जण सगळ्यासाठी वापरतात, काही फक्त बिग रूमच्या पिढीसाठी. समोरचा माणूस कोणत्या अर्थाने बोलतोय ते विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

आणि एखाद्या पोटशाखेचा फरक तुमच्या कानाला ऐकूच येत नसेल, तर ते नाव सध्या सोडून द्या. कान तयार झाला की ते परत भेटेल.

पायरी सातवी: वेग बदलून ऐका

हा सराव मला सर्वांत प्रिय आहे. बहुतेक प्लेअरमध्ये वेग कमीजास्त करायची सोय असते. ‘द विन्स्टन्स’ या गटाचं १९६९चं ‘आमेन, ब्रदर’ लावा. दीड मिनिट होण्याच्या थोडं आधी बाकी वाद्यं थांबतात आणि सहा-सात सेकंद फक्त ड्रम वाजतो. ग्रेगरी कोलमन या ड्रमरचा हा तुकडा जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक आहे. त्याबद्दल कोलमनला कधी पैसा मिळाला नाही, आणि ते वाचल्यापासून हा तुकडा मी त्याचं नाव घेतल्याशिवाय कोणाला ऐकवत नाही. आता वेग १.२५ करून तोच तुकडा पुन्हा लावा. हा झाला जंगलचा ठेका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या निर्मात्यांनी त्याचे तुकडे केले, उलटेसुलटे जोडले, खाली जमैकाच्या वळणाचा जड बेस घातला, आणि त्यातूनच पुढे ड्रम अँड बेस निघालं.

मग उलट करा. १२८ बीपीएमचं कुठलंही डच हाउस घ्या आणि वेग ०.८५वर आणा. वॉशिंग्टनच्या डेव्ह नाडा या डीजेने २००९मध्ये शाळकरी मुलांच्या एका पार्टीत हेच केलं होतं. मुलं रेगेटॉन, म्हणजे लॅटिन अमेरिकेतलं संथ ठेक्याचं नृत्यसंगीत, ऐकत होती, त्याच्याजवळ डच हाउसच्या रेकॉर्डी होत्या, म्हणून त्याने त्या १०८पर्यंत खाली आणल्या. मुलं नाचू लागली आणि मूम्बाटॉन नावाची नवी शाखा फुटली. तुमच्या हेडफोनमध्ये ते डच हाउस मंद होईल तेव्हा किककडे लक्ष द्या: घाई गळून जाते, दोन ठोक्यांमध्ये जागा उघडते, आणि पाय आपोआप वेगळ्या ठिकाणी पडायला लागतो.