व्हायोलिनला इफेक्ट पेडल जोडताना

बाजारात मिळणारी बहुतेक इफेक्ट पेडल, म्हणजे वाद्याच्या आवाजाचे रूप बदलणारी, पायाने चालवायची उपकरणे, इलेक्ट्रिक गिटार डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. गिटारची तार छेडली की नाद उमटतो आणि लगेच ओसरू लागतो. व्हायोलिनचा स्वर मात्र गज चालू असेपर्यंत टिकतो, फुलवता येतो आणि हवा तिथे विरवता येतो. शिवाय इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारा भाग) चुंबकीय असतो, तर व्हायोलिनच्या घोडीला लावलेला पिकअप बहुधा पिएझो जातीचा, म्हणजे कंपनाच्या दाबातून संदेश मिळवणारा असतो. या दोन फरकांमुळे गिटारवादकांसाठी लिहिलेल्या सूचना व्हायोलिनवादकाला जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत.

पहिला खर्च पेडलवर नव्हे, तर प्रीअँपवर (पिकअपचा संदेश पुढच्या यंत्रांसाठी सावरून वाढवणाऱ्या यंत्रावर) करावा. पिएझो पिकअपचा इम्पीडन्स (विजेच्या संदेशाला होणारा विरोध) फार मोठा असल्यामुळे तो ज्या यंत्राला जोडायचा त्याचा इनपुट इम्पीडन्स निदान १ मेगाओहम आणि शक्य असेल तर त्याहून बराच अधिक असावा लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला पिकअप थेट जोडला की खर्जाचा भाग गळून पडतो आणि पत्र्यावर घासल्यासारखा किरटा आवाज उरतो; पुढे कितीही महागडे पेडल लावले तरी ते या किरटेपणाचाच विस्तार करते. ॲकूस्टिक गिटारसाठी केलेला प्रीअँप व्हायोलिनलाही उत्तम चालतो. उदाहरणार्थ, एल. आर. बॅग्ज कंपनीच्या पॅरा डीआय या प्रीअँपचा इनपुट १० मेगाओहमचा आहे आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो. पिकअप ते प्रीअँप ही केबल आखूड ठेवावी, कारण घरघर शिरते ती मुख्यतः याच टप्प्यावर. ज्या इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये प्रीअँप आतच बसवलेला असतो, तिथे हा प्रश्न बव्हंशी सुटलेला असतो.

प्रीअँपची पातळी ठरवताना सर्वांत वरच्या तारेवर, घोडीजवळ, पूर्ण दाब देऊन गज ओढून पाहावा. तेवढ्यावरही पहिल्या पेडलमध्ये आवाज फाटत नसेल तर पातळी बरोबर आहे. मग इक्वलायझर (आवाजातील खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारी सोय). पाश्चात्त्य पद्धतीने मिळवलेल्या व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची असते, म्हणून १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापला तरी स्वराचे काही बिघडत नाही, उलट बोटांची आणि हनुवटीची धडधड निघून जाते. हिंदुस्थानी पद्धतीत तारा बऱ्याचदा याहून उतरवून मिळवतात. तेव्हा ही मर्यादा १०० हर्ट्झच्या आसपास आणावी. पिएझोचा बोचरेपणा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जाणवतो, आणि तिथे ३-४ डेसिबल कमी केले की वाद्य ओळखीचे वाटू लागते. हे सर्व एकही पेडल चालू नसताना करावे.

पेडलांचा क्रम प्रीअँप, ऑक्टेव्ह (स्वर सप्तकाने सरकवणारे), वाह (पायाने फिल्टर फिरवणारे), डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारे), कोरस किंवा फेझर (आवाज दाट किंवा लहरता करणारे), डिले (पडसाद देणारे), रिव्हर्ब (दालनासारखा घुमारा देणारे) आणि शेवटी लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे) असा ठेवावा. वीजपुरवठा बहुधा ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेला लागतो. एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना फाटे फोडण्यापेक्षा स्वतंत्र विलग आउटपुट असलेला पुरवठा घेतल्यास गुणगुण पुष्कळ कमी होते. गिटारवादक हमखास वापरतात त्या कंप्रेसरची (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणाऱ्या पेडलची) इथे फारशी गरज नाही, कारण स्वर टिकवण्याचे काम गज करतोच आणि कंप्रेसर गजाचे बारकावे सपाट करून टाकतो.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती डिलेची. मात्रेची गती मिनिटाला १०० असेल, तर ६०,००० ला १०० ने भागून ६०० मिलिसेकंद ही एका मात्रेची वेळ मिळते आणि पडसाद लयीत बसतो. पण तबलजी माणूस असतो, लय हळूहळू चढते, आणि मघाशी बसलेला पडसाद थोड्याच वेळात आडवा येऊ लागतो. ठोक्याबरोबर बटण दाबून वेळ बदलण्याची सोय असलेले पेडल म्हणूनच घ्यावे. मींडेचा प्रश्न याहून अवघड आहे. यमनमध्ये तीव्र मध्यमावरून पंचमावर मींड घेतली, की हात पंचमावर स्थिरावत असतानाच मागून तीव्र मध्यम पुन्हा उमटतो आणि दोन्ही स्वर एकमेकांना घासतात. आलापात पडसाद एखाद-दुसराच ठेवावा, मूळ आवाजाच्या तुलनेत तो बराच दबलेला असावा आणि त्याचा वरचा भाग कापून तो मंद करावा. माझ्या मते रागविस्तारासाठी डिलेपेक्षा दीड-दोन सेकंदांचा साधा रिव्हर्ब अधिक शोभतो.

ऑक्टेव्ह पेडलने १९६ हर्ट्झची तार ९८ हर्ट्झवर, म्हणजे चेलोच्या प्रदेशात उतरते. एका वेळी एकच स्वर ओळखणाऱ्या जुन्या धाटणीच्या पेडलला शेजारची तार जराशी वाजली तरी ते गोंधळते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या पॉगसारखे अनेक स्वर एकत्र पेलणारे पेडल तिथे उपयोगी पडते. वाह व्हायोलिनवर छान खुलतो, कारण गजाच्या स्वरात फिल्टरला चाळायला भरपूर उपस्वर असतात. सत्तरच्या दशकात फ्रेंच व्हायोलिनवादक ज्याँ-ल्युक पाँती यांनी वाह, फेझर यांसारखी पेडल वापरून इलेक्ट्रिक व्हायोलिनला जॅझ-रॉकमध्ये ठळक स्थान मिळवून दिले. डिस्टॉर्शनचा आवाज थेट सभागृहाच्या स्पीकरवर सोडला तर माश्या घोंघावल्यासारखा वाटतो. गिटारचे स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा भाग मुळातच गाळतात. तीच गाळणी कॅबिनेट सिम्युलेटरने (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणाऱ्या यंत्राने) लावावी.

पोकळ वाद्यावर डिस्टॉर्शन चालू केले की स्पीकरचा आवाज पुन्हा वाद्यात शिरून होणारी शिट्टी ठरलेलीच. ती अनेकदा वाद्याच्या स्वतःच्या अनुनादांवर, म्हणजे २७०-२८० हर्ट्झच्या आसपास किंवा ४०० ते ५५० हर्ट्झच्या दरम्यान सुरू होते. प्रीअँपवरील फेज बदलण्याचे (संदेशाची लहर उलटवण्याचे) बटण आधी वापरून पाहावे, मग नेमकी ती वारंवारता नॉच फिल्टरने (फक्त एक अरुंद पट्टा कापणाऱ्या गाळणीने) कापावी, आणि मॉनिटर वाद्याच्या पोटाकडे तोंड करून कधीच ठेवू नये. डिस्टॉर्शन हीच मुख्य हौस असेल तर भरीव अंगाचे इलेक्ट्रिक व्हायोलिन घ्यावे.

बैठकीत वाजवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या घोट्यावर टेकवले की त्या पायाने काही दाबणे शक्य नसते. पाय किंचित हलला तरी स्वर हलतो. वाह आणि व्हॉल्यूम पेडल हवीच असतील तर खुर्चीवर बसून किंवा उभ्याने वाजवण्याचा सराव करावा लागतो. नुसते चालू-बंद करायचे असेल, तर पेडलांची फळी उजव्या गुडघ्याशेजारी विटेएवढ्या उंचीवर ठेवून, गज उचलला जातो त्या विरामात उजव्या हाताने बटण दाबता येते. मात्र फळी गजाच्या थेट खाली येऊ देऊ नये, कारण झडणारी राळ बटणांत शिरून ती चिकट करते.

ध्वनिव्यवस्थापकाला प्रीअँपमधून निघणारा कोरा आवाज आणि पेडलांतून आलेला आवाज अशा दोन स्वतंत्र लाइन द्याव्यात. प्रयोग चालू असताना एखादे पेडल बंद पडले, तर व्यवस्थापकाला कोऱ्या लाइनचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर करून मैफल न थांबवता पुढे नेता येते.