ब्लॅडरची प्रश्नावली अरबीत नेताय? या चुका टाळा

गल्फमध्ये काम करणाऱ्या आपल्या नर्स, फिजिओ, रेसिडेंट मंडळींच्या गळ्यात हे काम हमखास पडतं: "अमुक ब्लॅडर प्रश्नावली अरबीत करून व्हॅलिडेट कर, चार प्रश्न तर आहेत." (व्हॅलिडेट म्हणजे ती भरवशाची आहे का हे पेशंटवर तपासून दाखवणं.) मीही असंच हो म्हणून बसले होते.

आधी शोधून बघा की काम झालेलंच तर नाही ना. आयसीआयक्यू या लघवीच्या तक्रारींच्या प्रश्नावली-संचातला गळतीचा शॉर्ट फॉर्म अरबीत 2006 पासून आहे, तरी लोक नव्याने भाषांतर करतात, तेही परवानगी न घेता, आणि मग पेपर पाठवायच्या वेळी तो संच सांभाळणाऱ्या ब्रिस्टलच्या टीमला मेल टाकायची धावपळ. असो, हे किरकोळ.

खरी गडबड शब्दांत होते. 'अर्जन्सी' म्हणजे लघवीची साधी जाणीव नाही, तर अचानक अशी जोरात लागणं की थोपवणं कठीण जातं. मराठीत 'घाईची लागली' म्हटलं की विषय संपला. अरबीत भाषांतरकार पुस्तकी 'रग्बा मुलिह्हा' लिहितो, बॅक ट्रान्सलेशनला (म्हणजे अरबीतून परत इंग्रजीत नेऊन ताडून बघताना) तेच 'अर्जंट डिझायर' होऊन परत येतं आणि कमिटी खूश. पण रग्बा म्हणजे इच्छा. आमच्या एका पेशंट आजींनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लघवीची इच्छा कुणाला होते गं पोरी?" गंमत म्हणजे भाषांतर जितकं शब्दशः तितकं बॅक ट्रान्सलेशन सुंदर जुळतं, त्यामुळे ते जुळलं म्हणजे पेशंटला कळलं असं अजिबात नाही. बोलीतला शब्द घालावा तर इजिप्तचा माणूस घाईची लागली की 'मज्नूक' म्हणतो, इकडे 'महसूर' ऐकू येतं आणि मोरोक्कोवाल्याचं आणखीनच वेगळं. म्हणून प्रमाण अरबीच ठेवा पण सोपी, 'अचानक इतकी लागते की धावत टॉयलेट गाठावं लागतं' अशा धर्तीची, आणि मग तीसेक पेशंटच्या शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला "तुम्हाला यातून काय समजलं?" हे विचारा, त्यात कमी शिकलेले आणि वेगवेगळ्या देशांचे लोक हवेतच. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं स्टॅटिस्टिक्स पाण्यात. शिवाय अरबीत क्रियापदालाच स्त्री-पुरुष असतं, पुरुषी रूपातला फॉर्म बायकांच्या हातात देऊ नका.

रात्रीच्या प्रश्नाचं वेगळंच. पहाटेच्या फज्रच्या नमाजला उठले, जाऊन आले आणि परत झोपले नाहीत तर ते नॉक्टुरियात (रात्री लघवीसाठी उठण्यात) धरायचं नाही, कारण त्या लघवीच्या आधीही झोप हवी आणि नंतरही झोप किंवा निदान झोपायचा इरादा हवा. हे नीट विचारलं नाही की धडधाकट माणसालाही एक गुण फुकट मिळतो. आणि रमजानमध्ये टेस्ट-रीटेस्ट, म्हणजे त्याच पेशंटकडून काही दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घेणं, करू नका हो! दिवसभर पाण्याचा थेंब नाही, मग इफ्तारपासून सहरीपर्यंत पिणं चालू, म्हणजे रात्रीच्या खेपा आपोआप वाढणार. पहिला फॉर्म रमजानआधी आणि दुसरा रमजानमध्ये भरून घेतलात तर आयसीसी (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात तो आकडा) पडणारच, त्यात प्रश्नावलीचा काही दोष नाही. दोन फॉर्मच्या मधे डॉक्टरने सोलिफेनासिन हे ब्लॅडरचं औषध सुरू केलं तरी तेच.

"याचा किती त्रास होतो?" विचारलं की उत्तर येतं "अल्हम्दुलिल्लाह" (देवाची कृपा), आणि फॉर्म भरणारा शून्यावर टिक करून मोकळा. ते उत्तर नाही, ती बोलायची पद्धत आहे, आकडा पुन्हा विचारा. मुलगा किंवा नवरा शेजारी उभा राहून वाचून दाखवत असेल तर बाई गळतीबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याला चहा प्यायला पाठवा.

आता एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका. आयसीआयक्यूच्या त्या शॉर्ट फॉर्मचा जास्तीत जास्त स्कोअर 21, आणि तुमच्या शीटमध्ये 18 च्या वर काही जाईचना तर समजा की 'किती गळते' हा प्रश्न 0, 1, 2, 3 असा कोड झालाय, तो 0, 2, 4, 6 हवा. 'कधी गळते' या शेवटच्या प्रश्नाला गुणच नाहीत, तो अल्फात (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्या आकड्यात) घालू नका. ओएबीएसएस या अतिक्रियाशील ब्लॅडरच्या प्रश्नावलीत चारच प्रश्न आणि चारही वेगळ्या लक्षणांचे, तिथे अल्फा कमी आला म्हणून एखादा प्रश्न उडवायचा नसतो.

शेवटची चूक खास आपल्या लोकांची. 0 ते 10 ची पट्टी अरबी लेआउटमध्ये उलटी होते आणि 'अजिबात नाही' हे लेबल कधीकधी भलत्याच टोकाला राहतं, ते प्रिंट काढून तपासा. आणि इकडच्या अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, तर पाच म्हणजे जवळपास आपलं देवनागरी शून्य. मी रात्री दीड वाजता एन्ट्री करताना सलग अकरा फॉर्मवर 5 च्या जागी 0 टाकलं होतं, सापडलं ते केवळ एका बाईंनी शेजारी अक्षरात 'पाच' लिहिलं होतं म्हणून. तेव्हापासून दहाही आकडे छापलेला कागद मॉनिटरच्या खाली चिकटवलेला आहे.