इन्फ्लुएन्सरवरची ब्लॅक कॉमेडी: बारा मिनिटांचा लघुपट कसा बांधायचा

ओठांचा चंबू, फिल्टर, 'हाय गाइज'... एवढ्यावरच विनोद उभा केला तर तो पहिल्या मिनिटात संपतो आणि पुढची अकरा मिनिटं प्रेक्षक कंटाळतो. ब्लॅक कॉमेडी म्हणजे हसवता हसवता घाबरवणारी गोष्ट, आणि इथे खरी गंमत आणि खरी भीती फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या, बघणाऱ्यांच्या आकड्यात आहे. तो वाढत राहावा म्हणून माणूस काय काय करायला तयार होतो, ते लिहा.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे बारा पानं. त्यात मुख्य पात्रं तीनच ठेवा आणि गोष्ट पायऱ्यांनी चढवा. समजा, शेजारचे आजोबा हरवले म्हणून नायिका रडून व्हिडिओ टाकते. तासाभरात आजोबा सापडतात, पण व्हिडिओ जोरात चाललेला असतो. पहिली पायरी: ती तो काढत नाही. दुसरी: 'शोध चालू आहे' असं सांगते. तिसरी: आजोबांना चहाला बोलावते आणि आजची रात्र इथेच राहा म्हणते. चौथी: दाराला बाहेरून कडी लावते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचितच वाईट हवी. पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारली तर ती खलनायिका होते आणि प्रेक्षक सुटतो. 'मीही इथवर आलो असतो' असं त्याला निदान दुसऱ्या पायरीपर्यंत वाटलं पाहिजे. आजोबांनाही स्वतःचं काहीतरी हवं असू द्या: त्यांना घरी जायचंय, औषधाची वेळ झालीय. नुसता बळी म्हणून बसवलेलं पात्र हसूही आणत नाही आणि काळजातही रुतत नाही.

गोष्ट कोणत्या वर्षी घडते ते आधीच ठरवा. इन्स्टाग्रामवर स्टोरी २०१६ साली आली, रील २०२० साली. लाइकचा आकडा लपवायची सोय सगळ्यांना २०२१ मध्ये मिळाली. चूक झाली तर हे विश्व जाणणारा प्रेक्षक लगेच पकडतो. लघुपटातलं ॲप मात्र काल्पनिकच दाखवा: वेगळं नाव, वेगळा रंग, वेगळी बटणं. खऱ्या ॲपचं बोधचिन्ह वापरलं तर परवानगीचा प्रश्न येतो. पडद्यावरची युजरनेमसुद्धा खरोखर कुणाची नाहीत ना, हे शोधून बघा.

चित्रीकरणाआधी आकड्यांचा तक्ता करा. प्रसंग, वेळ, फॉलोअर, बघणारे, बॅटरी असे पाच रकाने पुरेत. प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत, त्यामुळे ४१,००० फॉलोअर झाल्यानंतरच्या शॉटमध्ये ३८,००० दिसतात आणि सगळा डोलारा कोसळतो. बॅटरीचंही तसंच.

फोनचा पडदा चित्रित करणं हे सर्वांत किचकट काम. ॲप खरोखर चालवू नका. स्क्रोल होणारा व्हिडिओ आधी १०८०×१९२० मध्ये बनवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, तो व्हिडिओ लावा आणि अभिनेत्रीकडून त्यावर बोट फिरवण्याची तालीम करून घ्या. ऑटो-ब्राइटनेस, ऑटो-लॉक आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद ठेवा. बरेच ओएलईडी पडदे कमी ब्राइटनेसला झपाट्याने चालू-बंद होत असतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे येतात. म्हणून ब्राइटनेस वाढवा आणि खोलीतले दिवे त्या मानाने बसवा. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा असेल तर क्लोजअपला कॅमेऱ्याचं शटर (एकेका चौकटीसाठी प्रकाश किती वेळ आत येतो ते) १/६० सेकंदापासून तपासायला घ्या. रिंग लाइट, म्हणजे फोनभोवती लावायचा गोल दिवाही लखलखतो का, हे त्याच चाचणीत कळेल.

नायिका लाइव्ह येऊन प्रेक्षकांशी थेट बोलते, त्या प्रसंगात कमेंट नंतर संकलनात टाकतात, त्यामुळे अभिनेत्री शून्यात बघून बोलते आणि ते खोटं दिसतं. उपाय सोपा: सहायकाने कॅमेऱ्यामागून कमेंट एकेक करून मोठ्याने वाचायच्या, तिच्या संवादावर न चढता. नजरेचं आधीच ठरवून घ्या. आत्मविश्वास असताना ती थेट लेन्समध्ये बघेल. घाबरली की नजर घसरून कोपऱ्यातल्या आकड्यावर जाईल आणि लगेच परत येईल. आतल्या खोलीतून आजोबा दार ठोठावतायत, ती हसून 'वरच्या मजल्यावर काम चाललंय' म्हणते आणि डोळे क्षणभर कोपऱ्याकडे जातात. एवढ्यात प्रसंग होतो. अभिनय गंभीरच हवा. पात्राला आपण विनोदी आहोत हे कळलं की विनोद मेला.

संकलनात १९२०×१०८० च्या चौकटीत उभा व्हिडिओ पूर्ण उंचीने बसवला तरी रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्साही नाही. म्हणून एका वेळी दोन-तीनच कमेंट ठेवा, अक्षरं खऱ्या फोनपेक्षा मोठी करा आणि प्रत्येक कमेंट सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ टिकू द्या. विनोदी ओळ आणि कमेंट एकत्र आल्या तर एक नक्की वाया जाते. कडीच्या शॉटनंतर दोन-तीन सेकंद दुसऱ्या शॉटवर जाऊ नका, संगीतही नको. हसू तिथेच अडकलं पाहिजे.

कच्चा कट पाच-सहा जणांना दाखवा, त्यात सोशल मीडिया न वापरणारं निदान एक माणूस हवं. मग सगळ्या कमेंट काढून तोच कट पुन्हा दाखवा. ज्या प्रसंगाचा कमेंटशिवाय अर्थच लागत नाही, तो पटकथेतच कच्चा राहिलाय. तिथे ग्राफिक्स वाढवत बसण्यापेक्षा प्रसंग नव्याने लिहून पुन्हा चित्रित करा.