सेंटिनेलचा डेटा वापरताय? मग या चुका टाळा

युरोपच्या कोपर्निकस प्रोग्राममधल्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो ही आपल्यासारख्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण झालंय काय की व्हिडिओ बघायचा, कोड कॉपी करायचा, रन करायचा आणि नकाशा रंगीत आला की लगेच रिपोर्टमध्ये टाकायचा. मधे एकदा तरी आकडे उघडून बघा ना! त्याच त्याच चुका दुरुस्त करून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून लिहून काढतोय.

सगळ्यात जास्त छळणारी चूक सेंटिनेल-2 मधली. 25 जानेवारी 2022 पासून प्रोसेसिंग बेसलाइन 04.00 (इमेज तयार करायच्या पद्धतीची नवी आवृत्ती) सुरू झाली आणि तेव्हापासून फाईलमधल्या प्रत्येक आकड्यात 1000 ची भर असते. म्हणजे आधी नुसतं 10000 नं भागलं की रिफ्लेक्टन्स (जमिनीवरून किती प्रकाश परततो ते) मिळायचा, आता आधी 1000 वजा करायचे आणि मग भागायचं. नाही केलं तर काय होतं बघा. समजा उभ्या उसाचा लाल बँड 500 आणि इन्फ्रारेड 3500, एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा सांगणारा आकडा, दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज) आला 0.75. आता दोन्हीत हजार हजार वाढले, 1500 आणि 4500. वजाबाकी तीच राहिली पण बेरीज 4000 ची 6000 झाली, एनडीव्हीआय 0.50. पीक तेच, रान तेच, आणि स्क्रीनवर हिरवा रंग गायब.

हे मी जवळून भोगलंय. शिरोळकडच्या उसाचं काम होतं, फेब्रुवारीत ग्राफ काढले तर जानेवारीच्या शेवटी सगळ्या प्लॉटची रेघ एकदम खाली. टीममधल्या नवीन मुलांनी ठरवून टाकलं की तोड झालीय, गाळप हंगाम चालू होता त्यामुळे सगळ्यांना पटलंही. तसा मेल वर गेला, नोंदलेला ऊस दुसरीकडे गेला की काय म्हणून चिटबॉय (साखर कारखान्याची उसाची नोंद ठेवणारी माणसं) बांधाबांधावर फिरले, शेतकऱ्यांना नको ते प्रश्न विचारले गेले, आणि ऊस जागेवर, डोक्याएवढा, हिरवागार! मग मी इमेज उघडून कृष्णेच्या पात्रात एका पिक्सेलवर क्लिक केलं. इन्फ्रारेडमध्ये पाणी जवळपास काळंच दिसायला हवं, तिथं आकडा होता 1180. पाणी कुठं इतकं चमकतं का? फाईलचं नाव बघितलं तर डिसेंबरच्या इमेजवर एन0301 आणि नव्यांवर एन0400, म्हणजे बेसलाइन 04.00, तिथंच उलगडा झाला. शेतकऱ्यांवर विनाकारण संशय घेतला गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे एनडीव्हीआयसारखा कुठलाही इंडेक्स काढायच्या आधी खोल पाण्याचा एक पिक्सेल बघायचा. आणि नुसत्या तारखेवर जाऊ नका, कारण जुन्या इमेजेसही नंतर परत प्रोसेस झाल्यात आणि त्यांच्यातही हे 1000 असतात, त्यामुळे नावातला एन नंतरचा आकडा बघायचा. गुगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहांच्या इमेजवर ऑनलाइन काम करायची गुगलची सेवा) हार्मोनाइज्ड कलेक्शन घेतलं असेल तर तिथं हे आधीच जुळवून दिलंय, वर परत 1000 वजा करू नका. तेही करणारे भेटलेत.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे पुराचे नकाशे. सेंटिनेल-1 चं रडार ढगातून बघतं, शांत पाण्यावरून लहर आपल्याकडे परत येत नाही म्हणून पाणी काळं दिसतं, इथपर्यंत बरोबर. पण लोक मे महिन्याची कोरडी इमेज घेतात आणि जुलै-ऑगस्टची तिच्यातून वजा करतात. अहो, मधे भाताची लावणी झालेली असते, चिखलणी करून पाण्यानं भरलेली खाचरं रडारला पुरासारखीच दिसतात, आणि मग राधानगरी-शाहूवाडीची अख्खी भातशेती पुरात दाखवतात. उलट नदीकाठच्या उंच उसात पाणी शिरलेलं असलं तरी रडारला वरचा पालाच दिसतो, ते रान कोरडं म्हणून सुटतं. मी आधीची इमेज त्याच पावसाळ्यातली, पूर यायच्या अगदी आधीची घेतो, आणि ऑर्बिटही (उपग्रहाचा फिरायचा मार्ग) तीच ठेवतो. चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे) ऑर्बिटची सरमिसळ केली की सह्याद्रीच्या उतारांवर नुसता गोंधळ होतो.

सेंटिनेल-5पी चा नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे तुमच्या चौकातली हवा नव्हे, जमिनीपासून वरच्या अख्ख्या थराची ती बेरीज असते, आणि तीही दुपारी दीडच्या आसपासची. प्रत्येक पिक्सेलसोबत येणारा क्वालिटीचा आकडा 0.75 च्या खाली असेल तर तो पिक्सेल मी सरळ टाकून देतो.

सेंटिनेल-3 चं तापमान जमिनीचं असतं, हवेचं नाही. 29 एप्रिल 2022 ला अहमदाबादजवळ 65 अंशांच्या आसपास दिसलं ते तापलेल्या जमिनीचं, त्याला हवामान खात्याच्या आकड्याशेजारी ठेवून भांडू नका.

सेंटिनेल-2 च्या इमेजवरची ढगांची टक्केवारी 110 किलोमीटरच्या अख्ख्या टाइलची (इमेजच्या चौकोनी तुकड्याची) असते, तुमच्या शेताची नाही, 60 टक्के ढगातही तुमचं गाव मोकळं असू शकतं. आणि विदर्भात काम करणाऱ्यांनो, 78 रेखांशाला यूटीएम झोन (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे) बदलतो, अमरावती 43 मध्ये आणि नागपूर 44 मध्ये, मोझेक करण्याआधी (इमेज एकमेकींना जोडण्याआधी) दोन्ही एका प्रोजेक्शनमध्ये आणा.

राहिलं डाउनलोडचं. जुना ओपन अॅक्सेस हब 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झालाय, आता सगळं कोपर्निकस डेटा स्पेसवर आहे. तुमचा कोड लॉगिनलाच अडकत असेल तर पासवर्ड बदलत बसण्याआधी तो कुठल्या साली लिहिलेला आहे ते बघा.