साठवणीचे मीठ आणि जठराचा कर्करोग: ताटात काय बदलावे

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत खाडीकाठच्या घरांत मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होते: सुके बोंबील, जवळा, खारवलेला बांगडा, लोणचे, पापड, सांडगी मिरची. जठराच्या कर्करोगाचा धोका आहारातून कमी करायचा असेल, तर सुरुवात याच डब्यांपासून करावी, कारण मिठात टिकवलेले पदार्थ आणि हा रोग यांचा संबंध अभ्यासांत वारंवार आढळला आहे.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवले. बहुतेक बाधितांना कर्करोग होत नाही. परंतु अति मिठामुळे जठराच्या आतील आवरणाला इजा होते, जिवाणूला तेथे ठाण मांडणे सोपे जाते आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून पेशी बदलत जाण्याची शक्यता वाढते.

दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत ठेवावे, आणि त्यात लोणचे, पापड व फरसाणातले मीठही धरावे. सुके मासे सोडा, असे मी म्हणणार नाही. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळवलेल्या बोंबलांना सहसा मीठ लावलेले नसते, खारा बांगडा मात्र मिठातच मुरलेला असतो. म्हणून घेताना विक्रेतीला तसे स्पष्ट विचारावे. खारा मासा अर्धा तास पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून मगच कालवणात घालावा आणि चव घेतल्याशिवाय वरून मीठ टाकू नये. सोलकढी आगळाची असेल तर आगळातच भरपूर मीठ असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरी बाजू ताज्या फळांची आणि भाज्यांची. क जीवनसत्त्व जठरात नायट्राइटपासून (मांस टिकवण्यासाठीही वापरतात तो क्षार) घातक नायट्रोसो संयुगे बनण्यास अडथळा आणते. पेरू, आवळा आणि लिंबू ही त्याची स्वस्त साधने आहेत. मात्र गाडीवर चिरून घेतलेल्या पेरूवर तिखट-मीठ भुरभुरू नका, असे आधीच सांगावे, आणि लिंबू वरण उतरवल्यावर पिळावे, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते.

त्याऐवजी गोळ्या घेऊन भागत नाही. चीनमधील लिनश्यान येथील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर या रोगाचे मृत्यू घटले खरे, पण तेथील लोकांच्या आहारात मुळातच पोषकद्रव्यांची कमतरता होती. उलट फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये दिसले.

सॉसेज, सलामी क्वचितच खावे. धूम्रपान पूर्ण थांबवावे, मद्यही टाळावे.

आहार सुधारला तरी जिवाणू त्याने जात नाही. पित्त म्हणून महिनोन्‌महिने औषधाच्या दुकानातून गोळ्या घेत राहू नये. वजन विनाकारण घटणे, शौचास काळी होणे, घास गिळताना अडकणे किंवा सतत उलट्या यांपैकी काहीही असल्यास त्वरित पोटविकारतज्ज्ञांना भेटावे. जिवाणूची तपासणी श्वासावरून, शौचावरून किंवा एंडोस्कोपीने होते. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ही तपासणी जिवाणू असूनही तो नसल्याचे दाखवू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्यात.